'बिशप झाला', पण नेमका कधी?

विचारणा अशी आहे: बाराव्या शतकातला अँग्लो-नॉर्मन बिशप रॉजर ऑफ सॉल्सबरी याच्यावर मराठीत टिपण लिहिताना 'तो ११०२ मध्ये बिशप झाला' असं लिहावं की '११०७ मध्ये'? दोन्ही सालं छापलेली सापडतात. शिवाय त्याच्या पदाला 'गादी' म्हटलेलं चालेल का?

दोन्ही सालं बरोबर आहेत. घोळ 'झाला' या क्रियापदात आहे, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात गुंडाळतं: पदावर नेमणूक, पदाची खूण म्हणून अंगठी आणि दंड हाती देणं, आणि दीक्षा. एरवी या गोष्टी थोड्याफार अंतराने उरकतात, म्हणून 'झाला' खपून जातं. रॉजरच्या बाबतीत मध्ये पाच वर्षं गेली, आणि त्याच्या कारकिर्दीचा पहिला पेच नेमका त्या पाच वर्षांतच आहे.

११०२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने त्याला नेमलं आणि अंगठी-दंडही स्वतःच दिले. पोपने राजांना हे करायला मनाई केली होती, म्हणून कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म दीक्षा द्यायला तयार होईना. हेरफर्डच्या बिशपपदी नेमलेल्या रेनहेल्मने तर आपली अंगठी आणि दंड राजाला परत केले. शेवटी तडजोड झाली: राजाने अंगठी-दंड देण्याचा हक्क सोडला, पण बिशपने जमिनींपोटी राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची हे कायम राहिलं. मग ११ ऑगस्ट ११०७ रोजी कँटरबरीत आन्सेल्मने रॉजरसह पाच जणांना एकत्र दीक्षा दिली.

मधल्या काळातल्या रॉजरला 'नियोजित बिशप' म्हणावं. अशा माणसाला कोणाला धर्मगुरुपदाची दीक्षा देता येत नाही, म्हणून नुसतं 'बिशप' लिहिलं तर वाचक फसतो. वाक्य असं करा: 'हेन्रीने ११०२ मध्ये रॉजरला सॉल्सबरीच्या बिशपपदी नेमले, दीक्षा मात्र ११०७ मध्ये झाली.'

'अभिषेक' हा शब्द चुकीचा नाही, विधीत तेल लावतातच. पण त्याच पानावर हेन्री आणि त्याच्यानंतरचा राजा स्टीफन यांचे राज्याभिषेक येणार, तेव्हा 'दीक्षा' बरी. मराठी ख्रिस्ती लोकांत 'गुरुदीक्षा' रुळलेला आहेच.

'गादी' टाळा. मठाची गादी आपण म्हणतो, पण त्यात परंपरेने वारस बसवल्याचा वास येतो. 'पीठ' अधिक नेमका, कारण मूळ लॅटिन 'सेदेस' या शब्दाचा अर्थही आसन असाच आहे. पीठ म्हणजे बसण्याची जागा; अधिकाराखालचा मुलूख म्हणजे 'धर्मप्रांत'. रॉजरचं पीठ आजच्या सॉल्सबरीत नव्हतं, जवळच्या ओल्ड सॅरमच्या टेकडीवर होतं. आजच्या कॅथेड्रलचं काम १२२० मध्ये सुरू झालं.

आणखी एक खड्डा, विचारलेला नसला तरी. लिंकनचा बिशप अलेक्झांडर (११२३) आणि ईलीचा नायजेल (११३३) हे त्याचे पुतणे की भाचे? मराठी इथे निवड करायला लावते, पण लॅटिन 'नेपोस'वरून भावाचा मुलगा की बहिणीचा ते कळत नाही. म्हणून 'भाचे-पुतणे' असं जोडीनेच लिहा.

रॉजरच्या टिपणात येणाऱ्या 'चॅन्सेलर'साठी 'कुलपती' नको, तो विद्यापीठात नेतो. राजाची मोहोर आणि पत्रव्यवहार सांभाळणारा हा माणूस आपल्या चिटणिसाच्या जवळचा. 'एक्स्चेकर'ला 'खजिना' म्हटलं तरी गल्लत होते: तिथे शेरीफांचे, म्हणजे परगण्यांतल्या राजाच्या अधिकाऱ्यांचे, हिशेब तपासले जात, चौकटी-चौकटींचं कापड अंथरलेल्या दहा फूट बाय पाच फूट मेजावर सोंगट्या मांडून. मेजाचं नावच कचेरीला पडलं. 'हिशेबाची कचेरी' पुरे.

पद आणि माणूस यांची फारकत रॉजरला शेवटी फार महाग पडली. जून ११३९ मध्ये स्टीफनने त्याला ऑक्सफर्डला धरलं आणि त्याचे किल्ले घेतले. बिशपला हात लावलाच कसा, असं विंचेस्टरच्या धर्मसभेत विचारलं गेलं, तेव्हा राजाच्या बाजूने उत्तर आलं की रॉजरला बिशप म्हणून नव्हे, राजाचा चाकर म्हणून धरलं. म्हणून या प्रसंगी 'बिशपला अटक' असा मथळा देऊ नका. त्या दिवशीचा वाद नेमका त्याच शब्दावर होता. त्याच डिसेंबरात रॉजर वारला.