पोत्यांची भिंत आणि काळी माती

प्रश्न : इंदूरजवळच्या शेतावर रिकाम्या प्लॅस्टिक पोत्यांत माती भरून खोली बांधायची आहे. शेतातलीच काळी माती चालेल का?

उत्तर : नाही, कृपा करून ती भरू नका. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. थर सरकून भिंत फाटते. मुरूम आणा, त्यात चिकणमाती पाव हिस्सा असावी. ओल इतकीच, की मुठीत लाडू वळेल, पण बोटं ओली होणार नाहीत. सांधे एकावर एक येऊ देऊ नका. प्रत्येक थर धुमसाने, म्हणजे जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने, ठोका, थरांमध्ये काटेरी तारेचे दोन पदर टाका. पाया काळी माती उकरून मुरमापर्यंत न्या. खालचे दोन-तीन थर खडीचे, दुहेरी पोत्यांत. म्हणजे ओल चढत नाही. आणि गिलाव्याला उशीर नको, उन्हात पोती काही महिन्यांतच विरतात. तो चुन्याचाच करा. सिमेंट ओल आत कोंडतं.