वाचकांचे प्रश्न : किल्ली हरवली, बॉक्स बंद

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकचे साइड बॉक्स आहेत. प्रवासात त्यांची किल्ली कुठेतरी पडली. दुसरी किल्ली मी जपून ठेवली होती, पण ती उजव्या बॉक्समध्येच आहे. आता बॉक्स उघडतही नाहीत आणि गाडीवरून निघतही नाहीत. स्क्रू ड्रायव्हर घालून झाकण उचकटावे, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तसे करावे का?

उत्तर : झाकण उचकटू नका. प्लास्टिकच्या बॉक्सची दोन अंगे ज्या काठावर एकमेकांत बसतात, तो काठच बॉक्सला ताठपणा देतो आणि त्याच काठातली रबरी पट्टी पाणी आत येऊ देत नाही. तिथे स्क्रू ड्रायव्हरची तरफ लावली की काठ पिचतो, आणि मग पुढे नवी किल्ली मिळाली तरी तो बॉक्स पावसात भरवशाचा राहत नाही. याउलट कुलूप हा सहसा सुटा मिळणारा आणि सुटा बदलता येणारा लहानसा भाग असतो. काही मोडावेच लागले तर ते कुलूप असावे. पण तिथपर्यंत जाण्याआधी करण्यासारखे बरेच आहे. (दुसरी किल्ली बॉक्समध्येच ठेवण्याची चूक मीही एकदा केली आहे, त्यामुळे त्याबद्दल आपल्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही.)

सर्वप्रथम कुलपाचे तोंड स्वच्छ पुसून बॅटरीच्या तिरक्या उजेडात पाहावे. पुष्कळ कुलपांवर किल्लीच्या फटीशेजारी बारीक आकड्यांचा क्रमांक ठोकलेला असतो. काही कुलपांवर तो नसतो, पण किल्लीवर किंवा किल्ल्यांसोबत मिळालेल्या बिल्ल्यावर असतो, म्हणून खरेदीच्या वेळची पाकिटे आणि पुस्तिका घरच्यांना शोधायला सांगावे. हा क्रमांक म्हणजे किल्लीच्या खाचा किती खोल कापायच्या याचा संकेत असतो, आणि त्यावरून कंपनीच्या विक्रेत्याकडून किल्ली मागवता येते. बॉक्स गाडीच्याच कंपनीचे असून गाडी सुरू करण्याच्या किल्लीनेच उघडत असतील, तर त्या किल्लीचा क्रमांक आणि गाडीच्या मालकीची कागदपत्रे घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जावे. किल्ली यायला काही दिवस लागतात ही या मार्गाची एकच मोठी अडचण; बॉक्समध्ये औषधे किंवा पासपोर्ट अडकला असेल तर तेवढी वाट पाहता येत नाही.

घाई असेल तर किल्लीवाला गाठावा. अशा बॉक्सना बहुतेक वेळा पात्यांचे कुलूप असते. त्यातल्या फिरणाऱ्या दांड्यात धातूच्या पातळ पात्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. किल्ली नसताना त्यांची टोके दांड्याबाहेर येऊन बाहेरच्या नळीच्या खाचेत अडकतात, आणि योग्य किल्ली घातली की प्रत्येक पाती नेमकी तेवढीच सरकून सगळी टोके दांड्याच्या पृष्ठभागाशी समतल होतात, म्हणून दांडा फिरू शकतो. जाणकार माणूस या कुलपात कोरी किल्ली घालून ती अलगद पिळतो, पात्यांनी तिच्यावर उमटवलेल्या खुणा पाहतो आणि त्या जागी कानशीने थोडे थोडे घासत किल्ली तयार करतो. हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात काही मोडत नाही, हातात चालती किल्ली येते, आणि दोन्ही बॉक्सना एकच किल्ली असल्यास एका कुलपाच्या मेहनतीत दोन्ही उघडतात. किल्लीवाल्याने मालकीचा पुरावा मागितला तर राग मानू नये. न मागणाऱ्यापेक्षा मागणारा बरा.

किल्लीवाला लांब असेल आणि गाडी तिथवर नेणे शक्य नसेल, तर बॉक्स तिकडे नेता येतो, ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कुलूप लागलेले असताना बॉक्स चौकटीवरून सुटत नाही हे खरे; पण ती चौकट गाडीला ज्या बोल्टांनी बसवलेली असते ते बहुधा बाहेरच असतात आणि साध्या पान्याने किंवा ॲलन कीने निघतात. गाडी मुख्य स्टँडवर उभी करावी, दुसऱ्या माणसाने बॉक्सचा भार पेलावा, आणि मग चौकटीसकट बॉक्स उतरवावा. चौकटीला इंडिकेटर बसवलेले असतील तर त्यांच्या वायरी आधी सोडवाव्यात, नाहीतर एक दुखणे निस्तरताना दुसरे मागे लागते. टॉप बॉक्सच्या बाबतीतही हेच करता येते, कारण त्याच्या खालची पाटी कॅरियरला ज्या नटांनी आवळलेली असते ते पुष्कळदा खालच्या बाजूने हाताला लागतात.

आणखी एक. किल्ली मिळाली, ती कुलपात गेली, पण फिरत नाही, असे झाले तर ती चुकीची आहे असे लगेच ठरवू नये. बॉक्स ठासून भरलेला असेल तर आतले सामान झाकणाला बाहेर ढकलत राहते, तो सगळा ताण खटक्यावर येतो आणि खरी किल्लीसुद्धा अडते. अशा वेळी एका हाताने किंवा गुडघ्याने झाकण घट्ट दाबून धरावे आणि मग किल्ली फिरवून पाहावी. प्रवासात त्याच कंपनीचे बॉक्स असलेला सोबती भेटला तर त्याची किल्लीही याच रीतीने लावून बघायला हरकत नाही. स्वस्त कुलपांमध्ये किल्लीच्या वेगवेगळ्या रचना मोजक्याच असतात, त्यामुळे ती क्वचित लागूनही जाते. मात्र परक्या किल्लीवर जोर लावला तर ती आतच मोडते.

यातले काहीच साधले नाही तर ड्रिल. बॉक्समध्ये स्टोव्हचा गॅस किंवा पेट्रोलची बाटली असण्याची शक्यता असेल, तर हा विचार सोडून द्यावा. नसेल तर शक्यतो बॉक्स गाडीपासून वेगळा करून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवून आणि डोळ्यांवर चष्मा लावून काम करावे. ३ मिमीच्या गिरमिटाने किल्लीच्या फटीच्या रेषेत सरळ आणि सावकाश भोक पाडावे, मग ६ मिमीचे गिरमिट घ्यावे. गिरमिटावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करून ठेवली, तर कुलपातून पार होऊन आतल्या कपड्यांत किंवा कॅमेऱ्यात घुसण्याचा धोका राहत नाही. अशा कुलपांचा धातू बहुधा मऊ असतो. पात्या तुकडे होऊन गळाल्या की फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून उरलेला दांडा किल्लीसारखा फिरवता येतो. गिरमिट नुसतेच घसरत आणि तापत राहिले, तर पुढे कठीण पोलाद आहे असे समजून थांबावे. तापलेल्या गिरमिटाने भोवतीचे प्लास्टिक वितळते. आणि आपल्या बाबतीत ड्रिल आधी उजव्या बॉक्सला लावावे हे ओघाने आले. दुसरी किल्ली त्यातच आहे, मग डाव्या कुलपाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : टॉप बॉक्सच्या कुलपात किल्ली मोडली. मागचा अर्धा भाग माझ्या हातात आहे, पुढचा कुलपात आहे. तुकड्याच्या टोकाला झटपट चिकटणारा गोंद लावून आतला भाग ओढून काढता येईल का?

उत्तर : गोंदाचा एक थेंब पात्यांमध्ये उतरला की दुरुस्त होऊ शकणारे कुलूप कायमचे निकामी होते, त्यामुळे हा प्रयोग टाळावा. आधी फट कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे. किल्ली घालताना आणि काढताना ती जशी असते तशीच आत्ता असेल तरच तुकडा बाहेर येऊ शकतो. किल्ली फिरवताना मोडली असेल तर दांडा थोडा वळलेला राहतो आणि पात्या तुकड्याला आत धरून ठेवतात. म्हणून बारीक स्क्रू ड्रायव्हरने दांडा हळूच मूळ जागी आणावा, फटीत ग्राफाइटची चिमूटभर पूड फुंकावी, आणि करवतीच्या अगदी बारीक पात्याचा तुकडा किल्लीच्या खाचांच्या बाजूने सरकवून त्याच्या दातांत किल्लीचा तुकडा अडकवत बाहेर ओढावा. सुईने टोचत राहिल्यास तो आणखी आत जातो.

मोडण्याच्या क्षणी कुलूप अर्धवट उघडण्याच्या बेतात असेल, तर एक वेगळी शक्यता आहे. तुकडा पूर्ण आत असेल तर पात्या योग्य जागीच असतात, म्हणजे कुलपाच्या दृष्टीने किल्ली लागलेलीच आहे. तेव्हा तो न काढता चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दांडा पुढे फिरवून आधी झाकण उघडून घ्यावे. नंतर निवांतपणे तुकडा काढता येतो. दोन्ही तुकडे टाकून देऊ नयेत, त्यांवरून नवी किल्ली करता येते. मात्र क्रमांक उपलब्ध असेल तर क्रमांकावरूनच करून घ्यावी, कारण झिजलेल्या किल्लीची नक्कल केली की झीजही जशीच्या तशी नव्या किल्लीत उतरते, आणि आपली किल्ली मोडली ती बहुधा झिजल्यामुळे जोर लावावा लागत होता म्हणूनच.

प्रश्न : ॲल्युमिनियमचे तीन बॉक्स कोणाकडून तरी वापरलेले विकत घेतले. दोन बंद आहेत, तिसरा उघडा आहे, किल्ली एकाचीही नाही. तिन्हींना एकच किल्ली करता येईल का?

उत्तर : येईल, आणि सुरुवात उघड्या बॉक्सपासून करावी. त्याचे कुलूप आतून सुटे करून किल्लीवाल्याला दिले तर पात्या बाहेर काढून त्यांच्या मापावरून तो किल्ली बनवू शकतो. तिन्ही बॉक्स एकाच संचातले असतील तर ती किल्ली उरलेल्या दोघांना लागण्याचा चांगला संभव आहे, त्यामुळे ड्रिलचा विचार त्यानंतर करावा. ती लागली नाही आणि बंद बॉक्सच्या झाकणाला दोन्ही बाजूंना वेगवेगळी कुलपे असतील, तर त्यांपैकी जे हाताला सोयीचे आहे तेवढेच एक मोडावे. अशी पुष्कळ झाकणे एका बाजूने सुटली की दुसऱ्या बाजूवर उघडतात. बिजागरीचे रिव्हेट कापण्याचा मार्गही काही जण सांगतात. रिव्हेट पुन्हा ठोकता येतात हे खरे असले तरी झाकणाची मूळ बैठक आणि पाणी अडवण्याची खात्री परत मिळवणे कष्टाचे असते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

एकाच किल्लीसाठी दोन पर्याय आहेत. एक म्हणजे कंपनीकडून एकाच किल्लीच्या कुलपांचा संच मागवणे. दुसरा म्हणजे शाबूत असलेल्या कुलपांच्या पात्या बदलून किंवा त्यांचा क्रम लावून ती सगळी एका किल्लीशी जुळवून घेणे. पहिला सोपा, दुसरा स्वस्त. कोणताही निवडला तरी नवे कुलूप बसवल्यावर झाकण उघडे ठेवूनच किल्ली दहा-बारा वेळा फिरवून पाहावी, खटका पूर्ण मागे सरकतो का ते डोळ्यांनी बघावे आणि किल्लीचा क्रमांक घरच्या वहीत टिपून घ्यावा. झाकण पहिल्यांदा लावायचे ते त्यानंतर, आणि तेही बॉक्स रिकामा असताना.