‘डी’ला धक्का न लावता नवे विंडोज

प्रश्न : मी सांगलीत डीटीपीची कामे करते. संगणक फार मंदावल्याने विंडोज नव्याने टाकायचे आहे. हार्ड डिस्क एकच असून तिचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन भाग आहेत आणि १० वर्षांची कामे ‘डी’मध्ये आहेत. दुरुस्ती करणारे सगळीच डिस्क फॉरमॅट करावी लागेल म्हणतात. हे खरे आहे का? – एक वाचक

उत्तर : नाही. विंडोज ‘सी’मध्ये असते, तेवढाच भाग फॉरमॅट करून तेथे नवे विंडोज टाकता येते. घोळ होतो तो एकाच ठिकाणी. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरू केल्यावर पार्टिशनांची जी यादी समोर येते, तिच्यात ‘सी’, ‘डी’ ही ओळखीची अक्षरे सहसा नसतातच. ‘ड्राइव्ह ० पार्टिशन ३’ अशा ओळी, भागाला नाव दिले असेल तर ते, आकार आणि मोकळी जागा एवढेच दिसते. दोन्ही भाग सारख्या आकाराचे असतील, तर हात चुकायला वेळ लागत नाही. म्हणून ‘डी’ला आधीच ओळखू येईल असे नाव द्यावे आणि दोन्ही भागांचे आकार व मोकळी जागा कागदावर टिपून ठेवावी. यादीतल्या लहानसहान पार्टिशनांच्या वाटेला जाऊ नये.

डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मात्र बहुधा ‘सी’मध्येच असतात, तेव्हा ते आधी हलवावेत. आपल्या व्यवसायात हमखास विसरतात ते फॉन्ट. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये केलेली जुनी लग्नपत्रिका ‘डी’मध्ये सुखरूप राहील, पण विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधला तो फॉन्ट पुसला गेला, तर उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड दिसेल. सगळे फॉन्ट, तसेच टायपिंगच्या सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली, आधीच बाजूला काढावी. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसताना कामाला सुरुवातच करू नये.

एवढे करूनही ‘डी’ची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावीच, कारण दोन्ही भाग शेवटी एकाच डिस्कवर आहेत. नव्या विंडोजमध्ये ‘डी’तला एखादा फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणाला, तर घाबरू नये. तो जुन्या खात्याच्या मालकीचा असतो आणि ‘कंटिन्यू’ दाबल्यावर बहुतेक वेळा उघडतो.