कंबरपट्टा नको, उचलणेच कमी करा

पक्षाघातामुळे वडिलांच्या उजव्या अंगात बळ उरलेले नाही, वजन ७० किलोच्या आसपास आहे आणि त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना सांभाळणाऱ्या मावशींची कंबर धरते, म्हणून त्यांच्यासाठी पट्टा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. पट्टा घेऊ नये. अमेरिकेतील ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेने निरोगी कामगारांनी दुखापत टाळण्यासाठी तो वापरावा, ही शिफारस १९९४ मध्येच नाकारली होती. त्याच संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्णाला हाताने उचलण्याची कमाल मर्यादा, तीही अनुकूल स्थितीत, सुमारे १६ किलो सुचवली. त्यामुळे ‘गुडघ्यांत वाकून उचला’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही. मावशींचे दुखणे डॉक्टरांना दाखवावे, आणि तेही आपल्या खर्चाने.

पलंगावर वर सरकवण्यासाठी आपल्या सोलापुरात घरातली चादरच रुग्णाखाली घालून ओढतात. ती मजबूत खरी, पण तिची जाड वीण गादीला अडते, ओढणाऱ्याचा जोर वाढतो आणि माकडहाडापाशी त्वचा सोलवटते. तिच्याखाली गुळगुळीत नायलॉनचे कापड दुहेरी घालावे, दोघांनी दोन्ही बाजूंनी चादर धरून सरकवावे आणि काम होताच नायलॉन काढून घ्यावे, नाहीतर रुग्णच घसरेल.

चाकांची खुर्ची वडिलांच्या डाव्या, म्हणजे बळ असलेल्या बाजूला, पलंगाला किंचित तिरपी लावावी; ब्रेक लावून पायटे (पाय ठेवायचे आधार) बाजूला करावेत. कडेला बसवल्यावर दोन मिनिटे थांबावे, कारण उठताना रक्तदाब उतरू शकतो, आणि इथल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले असेल तर चक्कर येण्याचा धोका वाढतो. पावले जमिनीवर टेकवून त्यांना पुढे झुकू द्यावे, मावशींनी आपल्या गुडघ्याने त्यांच्या उजव्या गुडघ्याला आधार द्यावा आणि वडिलांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरावा (हा पट्टा मात्र अवश्य घ्यावा). काखेत हात घालून ओढल्यास पक्षाघाताने सैल झालेला खांदा निखळू शकतो. त्यांना मावशींच्या गळ्यात हात टाकू देणेही तितकेच धोक्याचे.

डाव्या पायावर भार पेलत नसेल, तर ही पद्धत वापरू नये; रुग्ण उचलण्याची लिफ्ट भाड्याने मिळते का ते पाहावे. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून हे सर्व मावशींसमोर करून घ्यावे.