इंग्रजी अतिरिक्त भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांच्या चाचणीचे मॉडरेशन: सरासरी काढून भागेल का?

आपल्या शाळेत इंग्रजी लेखनाच्या एकाच चाचणीला तीन शिक्षकांनी दिलेले गुण जुळत नाहीत, मुलांच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही, तेव्हा तिघांची सरासरी काढून गुण नक्की करावेत का, असे आपण विचारले आहे. सर्व शिक्षकांचे गुणदान एकाच मापाने व्हावे यासाठीच्या पडताळणीत, म्हणजे मॉडरेशनमध्ये, माझ्या मते सरासरी काढू नये. एकाने १० पैकी ४ आणि दुसऱ्याने ८ दिले असतील, तर ६ हा आकडा दोघांपैकी कोणाच्याच निर्णयाचा नसतो, आणि मतभेद कशावरून झाला हे मात्र त्याखाली झाकले जाते.

मी बडोद्यात इंग्रजी शिकवते. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांमधली मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीसमोर हिंदी ऐकत वाढतात; म्हणजे इंग्रजी ही त्यांची तिसरी नव्हे, बहुधा चौथी भाषा असते. पुढे सयाजीराव विद्यापीठात गेल्यावर शिकवण्याचे माध्यम इंग्रजीच असल्यामुळे त्यांना नेमके काय येते आणि कुठे अडते, हे शाळेतच कळलेले बरे.

मॉडरेशन म्हणजे तपासून झालेल्या उत्तरपत्रिका पुन्हा चाळणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात निम्मे काम प्रश्नपत्रिका छापायला जाण्यापूर्वीच करायचे असते. उदाहरणार्थ, विमानतळावर हरवलेल्या सामानाबद्दल विमान कंपनीला तक्रारीचे पत्र लिहा, असा प्रश्न अर्ध्या पानाच्या सूचनांसह दिला, तर लेखनाच्या नावाखाली आपण वाचन आणि विमानप्रवासाचा अनुभव तपासत बसतो. ज्या मुलाने सामानाचा फिरता पट्टा कधी पाहिलेलाच नाही, त्याला इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष त्यातून निघू शकत नाही. तोच प्रश्न, बसमध्ये दप्तर राहिले आहे, डेपोतील अधिकाऱ्यांना पत्र लिहा, असा तीन छोट्या वाक्यांत विचारला, तर भूतकाळाचा वापर, वस्तूचे वर्णन आणि विनंतीची भाषा हे सगळे तपासता येते. यात पातळी उतरवल्याचा आक्षेप काही सहकारी घेतात. तो मला मान्य नाही, कारण आपल्याला तपासायचे होते त्यातले काहीच कमी झालेले नसते. वाचनाचीच परीक्षा असेल तेव्हा मात्र उतारा सोपा करू नये.

गुणदानाला बसण्यापूर्वी काही उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून सर्वांनी त्या स्वतंत्रपणे, एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात आणि मगच चर्चेला बसावे. ज्येष्ठ शिक्षकांनी आपले गुण आधी सांगू नयेत, नाहीतर बाकीचे माना डोलावतात. समजा एका मुलाने लिहिले आहे: ‘यस्टरडे आय गो इन बस. माय बॅग इज ब्लॅक, वन झिप इज ब्रोकन.’ एक शिक्षक ‘गो’पाशी थांबतो आणि गुण कापतो, दुसरा म्हणतो, या वर्णनावरून डेपोतला माणूस दप्तर शोधून काढील. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या निकषांवर आहे. म्हणून काम पूर्ण झाले का, मांडणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण यांचे गुण वेगळे ठेवावेत. आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी चाचणीच्या लेखनपरीक्षेतही साधारण हेच चार निकष आहेत. मराठी आणि गुजरातीत इंग्रजीसारखी उपपदे (ए, ॲन, द) नसल्यामुळे आपली मुले ती हमखास गाळतात. त्याचे गुण व्याकरणात कापले की पुन्हा मांडणीत कापू नयेत.

तोंडी परीक्षेत उलटाच धोका असतो. मूल ‘हॉल’ला ‘होल’ म्हणाले तरी आपल्या गुजराती सरावलेल्या कानांना ते खटकतही नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रण करून एखाद्या बाहेरगावच्या शिक्षकाला ऐकवावे; मात्र विचारायचे ते इतकेच, की बोलणे समजले का. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीईएफआर या, भाषा कितपत येते हे सांगणाऱ्या चौकटीत ए१ (सर्वांत खालची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्या आहेत. तिच्या २०२० च्या पूरक खंडात मातृभाषकाशी तुलना करणारे उल्लेख काढून टाकले आहेत. चर्चेला सामाईक शब्द मिळावेत म्हणून ही चौकट उपयोगी पडते, पण एका पत्रावरून मुलाला बी१ चा शिक्का मारणे मला धाडसाचे वाटते.

चर्चेनंतर गुण बदलायचे ते निकषाकडे बोट दाखवूनच बदलावेत, निकाल वर दिसावा म्हणून नव्हे. एकमत झालेल्या उत्तरपत्रिका, का एकमत झाले त्याच्या दोन ओळींसह, पुढच्या वर्षासाठी नावे झाकून जपून ठेवाव्यात. आपल्याकडे तासाभराचाच वेळ असेल, तर सगळ्या उत्तरपत्रिका घेऊन बसू नका. उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या सीमेवरच्या आणि ज्यांच्या गुणांत सर्वाधिक तफावत आहे, तेवढ्याच आधी घ्या.