कुप्याच्या मागावर, नाशिकच्या गच्चीतून

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

नाशिकला राहून टुनाच्या, म्हणजे कोकणातल्या कुप्याच्या स्थलांतराचा अभ्यास कसा सुरू करू, असं विचारलंस. बोट आणि टॅग (माशाला लावायचं नोंदयंत्र) पुढे मिळतील. आज गच्चीवर जा.

रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे खोलातल्या माशाला जीपीएसचा उपयोग नाही. 2022 मध्ये वेळासला टॅग लावलेली ‘प्रथमा’ कासवीण श्वास घ्यायला वर यायची, तेव्हा उपग्रहाला तिचा ठाव लागायचा. कुप्याला वर यायची गरजच नाही. त्याच्या पाठीवरचा टॅग महिनोन्‌महिने उजेड, खोली, तापमान टिपतो, ठरल्या दिवशी सुटून तरंगतो आणि मगच आर्गोस उपग्रहांना माहिती पाठवतो. मधला प्रवास मुख्यतः उजेडावरून काढायचा: मध्यान्हीवरून रेखांश, दिवसाच्या लांबीवरून अक्षांश.

हेच फोनच्या प्रकाशमापकावर कर. सकाळी ठरावीक उजेडाची वेळ टीप, संध्याकाळी तेवढ्याच उजेडाची. दोन्हींच्या मधोमध मध्यान्ह. आपली प्रमाणवेळ 82.5 अंशांची, नाशिक 73.8 वर, अंशाला 4 मिनिटं. म्हणजे इथली मध्यान्ह सरासरी 12:35 ला. सूर्य वर्षभरात घड्याळाच्या 16 मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो, ते कालसमीकरणाच्या (या फरकाच्या) तक्त्यावरून दुरुस्त कर. तरीही 4 मिनिटं उशिराची आली, तर तुझ्या वहीत नाशिक डहाणूच्या किनाऱ्याला लागेल!

23 सप्टेंबरच्या सुमारास अक्षांशही मुद्दाम काढून बघ. तेव्हा सगळ्या पृथ्वीवर दिवस जवळपास सारखाच असतो, उत्तर भलतंच येईल. त्यात मोठ्या डोळ्यांचा कुपा (बिगआय टुना ही जात) उजाडताना खोल उतरतो, त्यामुळे टॅगपुरती पहाट लांबते. तुझ्याकडे तेच काम ढग करतील. म्हणून नकाशावर माशाच्या प्रवासाची सुबक रेघ दिसली, की ती किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकते हे आधी विचारत जा.

हिंदी महासागरात 2005 ते 2007 मध्ये दीड लाखाहून जास्त टुनांना साधे प्लास्टिकचे क्रमांक टोचले होते. त्यातून दोनच जागा कळतात, सोडल्याची आणि पकडल्याची. पण त्या मोजलेल्या असतात, आणि दुसरी कळते ती बोटीवरच्या किंवा बंदरावरच्या कुणीतरी तो क्रमांक जपून परत दिला म्हणून. या कामाला कमी लेखू नकोस.

पंधरवड्याचे आकडे झाले की वही घेऊन ये. ढगाळ दिवस गाळू नकोस, तेच मला आधी बघायचेत.

तुझे सर