स्वांते पाबो यांना नोबेल नेमकं कशासाठी मिळालं?

थोडक्यात सांगायचं तर, नामशेष झालेल्या मानवजातींचा जीनोम, म्हणजे डीएनएमधला संपूर्ण जनुकीय आराखडा, वाचून दाखवल्याबद्दल. वैद्यकशास्त्राचं 2022 चं नोबेल या स्वीडिश जनुकशास्त्रज्ञाला एकट्याला मिळालं.

खरी अडचण होती भेसळीची. हजारो वर्षं पडून राहिलेल्या हाडातल्या डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात. त्यात जिवाणूंचा डीएनए मिसळतो, शिवाय हाड हाताळणाऱ्याचाही. निअँडरथल हा नामशेष मानव आपला इतका जवळचा नातलग, की संशोधकाच्या त्वचेचा एक कण पडला तरी निष्कर्ष फसतो. म्हणून पाबोंनी जवळपास निर्जंतुक अशा स्वच्छ खोल्या उभारल्या. आधी मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकाचा) डीएनए निवडला, कारण त्याच्या प्रती पेशीत शेकडो-हजारो असतात. त्याचा छोटा तुकडा 1997 मध्ये वाचता आला; संपूर्ण जीनोमचा मसुदा यायला 2010 उजाडलं. माझ्या मते या मधल्या तेरा वर्षांची चिकाटी हीच त्यांची सर्वांत मोठी कमाई.

त्यातून कळलं, की आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या जीनोममध्ये साधारण 1 ते 2 टक्के वाटा निअँडरथलचा आहे. 2010 मध्येच सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या इवल्याशा हाडावरून आणखी एक अनोळखी मानवगट सापडला, डेनिसोवन. तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत तग धरायला मदत करणारा जनुकाचा प्रकार याच लोकांकडून आलेला आहे.